टिकले कोणाच्या जिवावर? पांझरेकाठची फड पद्धती आणि बाबासाहेबांचा प्रश्न

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या कुरणात निळे झेंडे दिसतात. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे आणि त्या परिसरातल्या जंगलात लांडोर बंगला आहे. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब या बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीची ही भीमस्मृती यात्रा. खानदेशातल्या आपल्या माणसांना तिची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही.

गेल्या यात्रेला आमच्यासोबत कॉलेजात शिकणारी दहा-बारा मुले-मुली होती. पाऊस पडून गेला होता, कुरण हिरवेगार झाले होते. परतीच्या वाटेवर त्यांतल्या एका मुलीने विषय काढला. तिच्या पेपरात शाश्वत ग्रामसमुदायावर प्रश्न आला होता. गाइडमध्ये उत्तर होते की धुळे जिल्ह्यातली फड पद्धती हे लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या पाणी व्यवस्थेचे आदर्श उदाहरण आहे. तिने तेच लिहिले, मार्कही मिळाले. पण तिच्या आजीचे गाव पांझरेच्या काठचे, आणि घरात कधी कोणी ‘आपला फड’ असे म्हटलेले तिने ऐकले नव्हते. तिने आम्हाला विचारले, “मग हे लोक म्हणजे कोण होते?”

तिथे आम्ही तिला अर्धेमुर्धे उत्तर दिले. पूर्ण उत्तर द्यायचे म्हणून हा लेख.

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन सूर लागतात. एक सूर म्हणतो, हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, आपल्याला नोकरी, शिष्यवृत्ती आणि अत्याचाराच्या केसेस पुरेत. दुसरा सूर गेल्या काही वर्षांत वाढला आहे. तो पर्यावरणवाद्यांच्या मागे जाऊन जुन्या गावाची आरती ओवाळतो. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. विहीर आटली की पहिला हंडा आपल्या वस्तीतला रिकामा होतो, म्हणून विषय आपला आहे. आणि जुने गाव आपण आतून पाहिलेले आहे, म्हणून आरती आपली नाही.

फड पद्धती काय होती

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघणाऱ्या पांझरा, कान, बुराई, मोसम, आरम या लहान नद्या. पहिल्या तीन धुळे जिल्ह्यातून तापीच्या खोऱ्यात जातात, मोसम आणि आरम बागलाणातून गिरणेला मिळतात. या नद्यांवर किमान तीनशे-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याची उंची बेताची. नदी अडवून ठेवायची नसते, पाण्याची पातळी थोडी उचलून ते पाटात वळवायचे असते. पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे साधारण तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात, तेच फड.

एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात बाजरी किंवा ज्वारी, एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. कोणत्या फडात काय लावायचे ते खातेदार एकत्र बसून ठरवत. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड सोडायचा हेही तेच ठरवत. शक्यतो प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तरी एकच घर बुडत नसे.

देखरेखीला माणसे नेमलेली असत. पाटकरी पाटाचे पाणी सांभाळी, बारेकरी शेतात पाणी देई, जागल्या गुराढोरांपासून पिकाची राखण करी. त्यांच्यावर हवालदार आणि सर्वांच्या वर पंच. नेमलेल्या माणसांचा मोबदला पिकातून, पेंढ्यांच्या हिशोबाने मिळे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायचा आणि त्यासाठी ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात श्रम द्यायचे. जास्तीचे पाणी सांडमातून परत नदीत सोडले जाई आणि खालच्या गावाचा बंधारा त्यावर भरे.

ही पद्धती हुशारीची होती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. एका फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागे, पाटातली गळती कमी होई आणि पाळीवरून भांडणे कमी होत. फेरपालटीने जमिनीचा कस टिके. नदीचा प्रवाह तुटत नसे. डिझेल नाही, वीज नाही, सरकारी अभियंता नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १९९७ साली देशभरातल्या पारंपरिक जलव्यवस्थांवर ‘डाइंग विज्डम’ हा ग्रंथ काढला, त्यात फड पद्धतीला मानाची जागा मिळाली. ज्या कुणबी-माळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बंधारे राखले, त्यांच्या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. ते राजे नव्हते, सरंजामदार नव्हते, त्यांतले बरेच लहान शेतकरी होते.

तरीही प्रश्न उरतोच.

पंगतीत कोण, राखणीला कोण

फडाचा पहिला नियम असा की थळात जमीन असेल त्यालाच पाणी. दुसरा नियम पहिल्यातूनच निघतो. ज्याला पाणी, त्यालाच पंचांत बसायचा आणि बोलायचा हक्क. महार, मांग, चांभार यांना बाहेर ठेवण्याचा वेगळा ठराव करायची गरजच नव्हती. ‘जमीन’ या एका शब्दात सगळा ठराव होता.

आपल्याकडे जमीन कोणती होती? महार वतनाची. तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी करायची, सरकारी सारा पोचवायचा, मेलेली ढोरे ओढायची, गावात येणाऱ्या अधिकाऱ्यांची सरबराई करायची. वतन म्हणजे बेगारीला बांधलेला दोर आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ साली झाला.

जागल्याची गोष्ट वेगळी. खानदेशात राखणीचे काम बहुतांशी भिल्लांकडे असे. जे एकेकाळी या मुलखातल्या जंगलाचे आणि डोंगरवाटांचे धनी होते, ज्यांना वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांनी १८२५ साली औट्रमच्या हाताखाली भिल्ल कोअर उभी केली, त्यांच्यातली अनेक घरे दुसऱ्याच्या पिकाची राखण करून पेंढ्या मोजून घेऊ लागली.

त्या मुलीला घेऊन आम्ही तिच्या आजीकडे गेलो. आजीने उसाचा फड पाहिला होता, खुरपणीला जाऊन. पाटाचे पाणी तिच्या वस्तीजवळून वाहत होते. तिच्या सासऱ्याने गाळ काढायला कित्येक उन्हाळे फावडे मारले, ते एका खातेदाराच्या वाट्याचे काम म्हणून. श्रमदानाच्या हिशोबात नाव खातेदाराचे लागले, पाठ सासऱ्याची वाकली. आजी हे सांगताना रागावलेली नव्हती. तिने अहिराणीत एवढेच विचारले, “पानी नदीनं शे, मंग आमनं काबर नई?” पाणी नदीचे आहे, मग आमचे का नाही?

कोणी म्हणेल, बलुतेदारांना धान्य मिळतच होते की, कोणी उपाशी नव्हते. मिळत होते, खरे आहे. पण खळ्यावर हात पसरून मिळालेले धान्य आणि सभेत बसून ठरवलेला वाटा यांत फरक आहे. एक देणाऱ्याच्या मर्जीवर असते, दुसरा हक्क असतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान भागवायला नव्हे. तळे सार्वजनिक आहे आणि आम्ही नागरिक आहोत, म्हणून पाणी आमचे, हे सिद्ध करायला ते गेले. महाडने पिण्याच्या पाण्याचा हक्क जातीपासून सोडवला. शेतीचे पाणी मात्र अजून सातबाऱ्याला बांधलेले आहे.

आणखी एक गोष्ट. फडाच्या पंचांत बाई नव्हती. खाते पुरुषाच्या नावे, म्हणून बोलणेही पुरुषाचे. खुरपणी, कापणी, मळणीत मात्र बाई होतीच, खातेदाराच्या घरचीही आणि आमच्या घरचीही.

४ नोव्हेंबर १९४८

गाव टिकले म्हणून ते चांगले, हा युक्तिवाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले होते की हिंदुस्थानातली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताके आहेत, राजघराणी आली आणि गेली, खेडी तशीच राहिली. संविधान सभेतही अनेकांना खेडे हाच राज्यघटनेचा पाया हवा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मेटकाफचा तो उतारा वाचून दाखवला आणि त्याला उत्तर दिले.

त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की खेडी टिकली असतील, पण नुसते टिकून राहण्याला काय किंमत? कोणत्या पातळीवर टिकली, हा खरा प्रश्न आहे. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, म्हणून नव्या घटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असे त्यांनी सांगितले.

हे भाषण आपण जयंतीला ऐकवतो. पण पर्यावरणाच्या चर्चेत ते कोणी आणत नाही. आम्हाला वाटते, ते तिथेच सर्वांत जास्त लागू पडते. आज जगभर ‘शाश्वत’, ‘टिकाऊ’ हे शब्द परवलीचे झाले आहेत. टिकाऊ शेती, टिकाऊ गाव, टिकाऊ समुदाय. बाबासाहेबांनी मेटकाफला विचारलेला प्रश्न आपण या शब्दांना विचारला पाहिजे. कोणाच्या जिवावर टिकले? टिकण्याचा फायदा कोणाला? ज्या समुदायाने एकेका थेंबाचा हिशोब ठेवला, पण शिवारात राबणाऱ्या निम्म्या माणसांना पंक्तीबाहेर ठेवले, त्या समुदायाला आदर्श म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

आणि असा समुदाय खऱ्या अर्थाने टिकतही नाही. फडाचा पुढचा इतिहास हेच सांगतो.

फड का मोडला

स्वातंत्र्यानंतर या नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. कान नदीवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा, पुढे खाली अक्कलपाडा. नदीचा बारमाही प्रवाह शासनाच्या दरवाजांत गेला. त्याच काळात विजेचे पंप आले. ज्याच्याकडे पैसा त्याने विहीर खोदली आणि फडाच्या पाळीची वाट पाहणे सोडून दिले. साखर कारखाने आले तसा ऊस वाढला. फेरपालट मोडली, एकाच थळात प्रत्येकाचे पीक वेगळे झाले. पंचांचा शब्द मानायचे मोठ्या खातेदारांना कारण उरले नाही. आज काही बंधाऱ्यांवर फड तग धरून आहेत, पुष्कळ ठिकाणी फक्त बंधारा उरला आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फड मोडायला लागला तेव्हा तो वाचवायला कोण उठणार होते? गावातला भूमिहीन उठला नाही, कारण त्याचे त्यात काही नव्हते. जागल्या उठला नाही, कारण तो नोकर होता. बड्या खातेदाराने स्वतःच पाय काढला. उरला लहान शेतकरी, आणि तो एकटा पडला. ज्या व्यवस्थेत सगळ्या गावाचा वाटा नसतो, ती वाचवायला सगळे गाव येत नाही.

राखणीचे पुढे काय झाले तेही पाहा. १९७० च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा भागात बागायत वाढली होती. भिल्लांच्या जमिनी कर्जापोटी आणि कागदी करारांतून बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि तेच भिल्ल त्या जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. त्या भागात पीक संरक्षण सोसायट्या होत्या. नाव पिकाच्या रक्षणाचे, आणि चोरीचा आळ घेऊन मार मात्र आदिवासींना. १९७१ साली पाटीलवाडीचे प्रकरण घडले आणि अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या पुढाकारातून श्रमिक संघटनेची मोठी चळवळ उभी राहिली. फडाच्या काळी भिल्ल पिकाची राखण करी. शंभरेक मैलांच्या आत, काही पिढ्यांनंतर, पिकाची राखण भिल्लापासून होऊ लागली. दोन्ही वेळा पीक दुसऱ्याचेच होते.

धुळ्याचे कॉ. शरद पाटील यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. जात आणि वर्ग वेगवेगळे वाचता येत नाहीत, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. आम्ही त्यात आज पाणी आणि जंगल जोडतो. तेही जातीपासून वेगळे वाचता येत नाही.

जमिनीची लढाई ही पाण्याचीच लढाई

आपल्या चळवळीने पर्यावरणावर काही केले नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला भूमिहीनांचा सत्याग्रह सांगा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली हा सत्याग्रह झाला, त्यात खानदेशातली आपली माणसे मोठ्या संख्येने होती. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक जमीन कसायला द्या. जी जमीन कोणी कसत नव्हते, जिथे दगड-कुसळांशिवाय काही नव्हते, ती आपल्या बाया-माणसांनी हाताने दगड वेचून, बांध घालून पिकाखाली आणली. यालाच आज जमिनीचे पुनरुज्जीवन म्हणतात आणि त्यावर परिषदा भरवतात. तेव्हा त्याला अतिक्रमण म्हटले गेले.

आजही म्हटले जाते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. अनेकांची प्रकरणे अजून टेबलावर आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शासनाने रीतसर पट्टे दिले असतील तर अपवाद करता येईल, असेही म्हटले आहे. नोटीस येते तेव्हा पहिला भाग वाचून दाखवला जातो. दुसरा भाग आपल्या कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे.

आता पाण्याचे नवे कायदे पाहू. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. कालव्याचे पाणी वाटायला पाणी वापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा वहिवाटदार. फडाचाच पहिला नियम सरकारी भाषेत परत आला. ग्रामपंचायतीत ७३ व्या घटनादुरुस्तीने आपल्याला राखीव जागा मिळाल्या, पाणी वापर संस्थेच्या दारात मात्र आधी सातबारा विचारला जातो. ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेचे नाव मोठे गोड, पण मागायला किमान ०.६० हेक्टर जमीन लागायची.

जळगावकडे या. रावेर, यावलच्या केळी पट्ट्यात भूजलाचा इतका उपसा झाला की शासनाच्याच अहवालांत या तालुक्यांचे नाव अतिशोषित म्हणून येत राहिले. उपाय म्हणून तापी खोऱ्यात महाकाय पुनर्भरण योजनेची चर्चा वर्षानुवर्षे चालली आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. पाणी जमिनीत मुरवणे चांगलेच आहे, आमचा विरोध नाही. पण आपल्या कायद्याप्रमाणे जमिनीखालचे पाणी उपसायचा हक्क वरच्या जमिनीच्या मालकाला. सगळ्यांच्या करातून मुरवलेले पाणी शेवटी ज्याची विहीर खोल त्याच्या पंपातून बाहेर येणार. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला त्यातून काय मिळणार, याचा उल्लेख कुठल्या भाषणात आम्ही अजून ऐकला नाही.

दुसऱ्या वाटा आहेत

हे बदलता येत नाही, असे समजू नका. महाराष्ट्रातच बदलून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा एकरावर ठरला नाही, माणशी ठरला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जाणार नाही. पाणी आणि सातबारा यांची गाठ तिथे सुटली. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने लोकांच्या श्रमातून बळीराजा धरण उभे केले, त्यातही भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाला पाणी हे तत्त्व होते. जमीन नसलेला माणूस पाणी घेऊन काय करील, असे विचारणाऱ्यांना उत्तर सोपे आहे. तो वाट्याने जमीन घेईल आणि त्या सौद्यात पाणी त्याचे असल्यामुळे त्याची मान ताठ राहील.

आपल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा घ्या. तिथल्या आदिवासींनी उजाड झालेले जंगल राखून परत उभे केले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. या कामाशी वनवासी कल्याण आश्रमाचे नाव जोडलेले आहे आणि ‘वनवासी’ हा शब्द आम्हाला मान्य नाही, कारण तो आदिवासींचे पहिलेपण पुसतो. पण शब्दाशी भांडण आहे म्हणून गावाच्या कष्टाकडे डोळेझाक करायची नाही. बारीपाड्याचे जंगल टिकले कारण सरपण, वनभाजी, पाणी यांत प्रत्येक घराचा जीव अडकला होता. फडाच्या गावात असे नव्हते, आणि दोन्हींतला फरक तोच आहे.

जगातही हेच दिसते. आफ्रिकेत केनियाच्या केरियो खोऱ्यात मराक्वेत लोकांनी डोंगरउतारावरून शेकडो वर्षांपूर्वी पाट काढले, ते आजही वाहतात. आपल्या फडासारखेच त्यांचेही कौतुक होते. पण त्या पाटांच्या कारभारातून परंपरेने स्त्रियांना दूर ठेवले गेले, शेतात राबायला मात्र त्याच. त्याच केनियात १९७७ साली वांगारी मथाई यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि खेड्यातल्या गरीब बायांच्या हातात रोपे दिली. झाडे लावता लावता त्या बाया सरकारला जाब विचारायला शिकल्या. २००४ साली मथाईंना शांततेचे नोबेल मिळाले. ज्यांना व्यवस्थेने बाहेर ठेवले, त्यांनाच तिथे केंद्रस्थानी आणले गेले. गाइडमध्ये खरे तर हा धडा हवा.

फड ठेवा, सभासदत्व बदला

मग आपली भूमिका काय? फड जुना आहे, जातीचा आहे, म्हणून बुडवा, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब सामूहिक शेतीच्या विरोधात नव्हते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावातल्या लोकांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी योजना मांडली. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्यासारख्या नदी प्रकल्पांची पायाभरणीही त्यांनी केली. पाणी ही गावाची मिरास नसून सर्व जनतेची संपत्ती आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

फडाजवळ एकत्र पीक ठरवायची, एकत्र तोटा सोसायची, नदी वाहती ठेवायची रीत होती. बाबासाहेबांच्या योजनेत समता होती. या दोन गोष्टी एकत्र आणणे, हे खानदेशातल्या आपल्या पिढीचे काम आहे. त्यासाठी आम्ही तरुण मित्रांसमोर चार कामे ठेवतो.

पहिले, आपल्या गावाचा पाण्याचा नकाशा काढा. बंधारा, पाट, विहिरी, शेततळी, आणि प्रत्येकासमोर मालकाचे नाव. एका कागदावर गावाची जात दिसेल.

दुसरे, सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक बंधाऱ्यात, तलावात आणि पुनर्भरणात भूमिहीन कुटुंबांचा पाण्यातला वाटा मागणारा ठराव ग्रामसभेत मांडा. पहिल्या वेळी पडेल, पडू द्या. इतिवृत्तात त्याची नोंद राहील.

तिसरे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीनांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमिनीची तरतूद आहे. अर्ज करताना लाभक्षेत्रातली जमीन मागा. माळरानाचा तुकडा हातात देऊन आपली बोळवण होऊ देऊ नका. आदिवासी गावांत सामूहिक वनहक्काच्या दाव्यांना खांदा लावा. ती लढाई आपलीच आहे.

चौथे, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोणी गाळ काढला, कोणी राखण केली, कोणी खुरपले, लिहून घ्या. खातेदारांचा इतिहास दप्तरात आहे, आपला अजून माणसांच्या तोंडात आहे आणि ती माणसे रोज कमी होत आहेत.

त्या मुलीने आजीचे सगळे बोलणे वहीत उतरवून घेतले आहे. पुढच्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर ती ते वाचून दाखवणार आहे. गाइडमध्ये ते येईल तेव्हा येवो. परीक्षेत हा प्रश्न परत आला तर ती काय लिहिणार, हे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “फड पद्धतीचे गुण सगळे लिहीन. आणि शेवटी आजीचा प्रश्न लिहीन.”

जय भीम!